ओढ्यातली समाधी

निलंग्याच्या अलीकडच्या त्या गावात ईश्वरप्पाचं रान सगळ्यात देखणं. असणारच, त्यानं अख्खा ओढा गिळला होता. वीस वर्षांपूर्वी ईश्वरप्पानं माती टाकून ओढा बुजवला, वर नांगर फिरवला आणि गावानं त्याची पाठ थोपटली. त्याची बायको नीलम्मा तर आठवडाभर मिरवत होती. डोंगराचं पाणी मग गाडीवाटेनं भलतीकडेच जाऊ लागलं आणि खालची गावविहीर दरसाल थोडी थोडी आटत गेली. तिकडे बघायला कोणाला फुरसत होती?

मरताना ईश्वरप्पानं हट्ट धरला, मला त्या बुजवलेल्या ओढ्यातच ठेवा, म्हणजे ते रान पुन्हा कोणी मागणार नाही. लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून समाधी दिली, वर दगडी ओटा बांधला. दर सोमवारी नीलम्मा तिथं विभूती आणि बेल वाहून येई.

लातूर जिल्हा झाला आणि दुसऱ्याच वर्षी पाऊस रुसला. जिल्हा नवा, कचेरी नवी, तहान मात्र जुनीच. टँकर कधी येई, कधी नुसताच निरोप येई. शेवटी नीलम्माची नात महादेवी आणि गावातली पोरंपोरी कुदळी घेऊन ओढा उकरायला लागली. भर उन्हात वरून खणत खणत ती ओट्यापाशी आली आणि अडली. एका अंगाला काळा खडक, दुसऱ्या अंगाला घरं. वळवायला जागाच नव्हती.

नीलम्माचा मुलगा शिवमूर्ती ओट्यावर मांडी ठोकून बसला. "आप्पाला हलवायचं न्हाई. आधी मला उकरा."

"अण्णा, विहिरीत चिखलबी उरला न्हाई," महादेवी बापाला म्हणाली.

"मोठ्यांनी ठेवलेलं सांभाळायचं असतंय, पोरी."

बांधावर उभ्या असलेल्या नीलम्माच्या हे वर्मी लागलं. काय ठेवलं होतं आपण? चार हात जास्तीचं रान आणि कोरडी विहीर. तिला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पदर खोचून ती खाली उतरली.

"शिवा, तुजा बाप गेला तवा स्वामी काय म्हनले?"

"लिंगैक्य झाले म्हनले."

"म्हंजे शिवात मिळाला. मग हितं कोन बसलंय? त्यो शिवात हाय का मातीत, एकदा ठरीव."

शिवमूर्ती मांडी आणखी घट्ट आवळून बसला.

"रान राखाया त्याला हितं बसवला आपुन. उगा धर्माचं नाव घेऊ नको," असं म्हणत नीलम्मानं ओट्याच्या दगडाला दोन्ही हात घातले. दगड हलेना. तिला रडू फुटलं, तरी ती सोडीना. तेव्हा शिवमूर्ती उठला, आईला बाजूला केलं आणि दगड स्वतः उचलला. पुढचं कामही त्यानं कोणाला करू दिलं नाही. बापाच्या अस्थी नव्या धोतरात घेतल्या, वरच्या उंचवट्यावर नेल्या आणि स्वामींना बोलावून तिथं समाधी दिली. त्याच संध्याकाळी ओढा मोकळा झाला.

आषाढ-श्रावण कोरडेच गेले. पोरांची टिंगल सुरू झाली. बसून खाणाऱ्यांना तेवढंच काम. भाद्रपदात मात्र डोंगरावर एकच दणकून सर आली. गढूळ पाणी ओढ्यातून फेसाळत निघालं आणि त्याच्यापुढे शिवमूर्ती, गुडघाभर चिखलात, काटक्या बाजूला सारत, वेड्यासारखा हसत थेट विहिरीपर्यंत पळाला. दोन दिवसांनी विहिरीला उमाळे फुटले. तिसऱ्या दिवशी बायकांच्या घागरी बुडायला लागल्या. काठावर बसून नीलम्मा तो बुडबुड आवाज ऐकत होती. लग्न, मुलं, सुगी सगळं पाहिलं होतं तिनं, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता.

गर्दीतून म्हातारा चन्नबसप्पा खाकरत पुढे आला. पलीकडचा ओहोळ त्याच्या रानाच्या पोटात होता, हे गावाला ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

"नीलव्वा, आमच्याबी रानातनं काढा म्हनतो," तो खाली बघत म्हणाला. "दिवाळी झाली की सावकाश."

"दिवाळी कशाला?" नीलम्मा उठली. "महादेवी, कुदळी कुटं हायत गं?"