अरे आणि अहो

"अरे, ऐकतोयस ना? बोंबलांना मीठ लावून ठेवलंय. काशीबाई कोळणीने आज ताजे दिले. ह्यांना तळता यायचे नाहीत, जाळून ठेवतील. अनुजाला जरा लवकर यायची बुद्धी दे."

मी दारात बॅग घेऊन उभा होतो. खाली टॅक्सी थांबवून ठेवलेली, ड्रायव्हरचा हॉर्न चालू. आणि कौसल्या मोरीपाशी पाठमोरी बसून, हाताला लिंबाची साल चोळत त्याच्याशी बोलत होती. तो म्हणजे देव. आमचा प्रभू. घरात तिसरं माणूस नव्हतं, पण ती कधीच दोघांपुरतं बोलत नसे.

"अहो, आले आले," मला बघून ती म्हणाली.

हे असं आहे. त्याला अरे आणि मला अहो.

हसू नका. लग्न झाल्यापासून हा खडा माझ्या दाताखाली आहे. माझगावच्या ह्याच खोलीत, नव्याची नवलाई सरली नव्हती तेव्हाची गोष्ट. गोदीत काम लवकर सुटलं म्हणून मी अवेळी घरी आलो, तर दाराआडून हिचा आवाज. "अरे, तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडतं का?" मी गोदीतला फिटर, हातात पाना धरणारा गडी. दार ढकललं तेच भांडायच्या तयारीने. आत ही एकटी, लसूण सोलत बसलेली.

"कोण होता?" मी ओरडलो.

"प्रभू," ती म्हणाली. शेजारचा कोणी साखर मागायला येऊन गेला असावा इतक्या सहज. मग पाटाकडे बोट करून म्हणाली, "बसा ना जरा इथे."

मी बसलो नाही. दुसरा कोणी असता तर कॉलर तरी धरता आली असती. ह्याचं काय धरणार?

कोणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाला तर ह्याचा आनंद व्हायला हवा. मी काही कच्चा ख्रिस्ती नाही. जयवंत रणनवरे, मंडळीचा पंच. रविवारी चर्च उघडायला चावी घेऊन सगळ्यांच्या आधी मी हजर. दानाची थैली मी फिरवतो. कुणाकडे मयत झालं तर खुर्च्या, चादर, रडणाऱ्यांना चहा, सगळं मीच बघतो. प्रार्थनेला उभा राहिलो तर "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" पासून "आमेन"पर्यंत एक शब्द घसरत नाही. देवाला तू मीही म्हणतो, आमच्यात सगळेच म्हणतात. पण माझा तू म्हणजे अर्जाच्या वरचा 'महोदय'. तिचा तू तिच्या शेजारी पाटावर बसलेला असायचा.

गेल्याच रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, नियम पाळणं वेगळं आणि प्रेम असणं वेगळं. प्रभू आपल्या घरी पाहुणा नसावा, घरातला असावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. आमच्या घरात तो इतका घरातला झाला होता, की पाहुणा मीच वाटायला लागलो होतो.

माझा जळफळाट व्हायचा, सरळ सांगतो. अनुजा पोटात आहे हे आधी त्याला कळलं. शाळेत आयाचं काम करायची तेव्हा मोठ्या बाई रागावल्या की ती घरी येऊन आधी त्याच्यापाशी रडायची, मग तोंड धुऊन मला चहा द्यायची. आणि गळ्यातली गाठ. तीही मला चोरून ऐकावी लागली. "अरे, गिळताना टोचतंय रे. काल भाकरीचा घास उतरेना." मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपर टाकून आत गेलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही घाबरता."

"आणि तो?"

"तो नाही घाबरत," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

मग परळच्या एका हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला धीराच्या. गाठ काढावी लागेल म्हणाल्या. "आवाजाची नस अगदी तिथूनच जाते, काका. आम्ही सांभाळूनच करू. पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा नाही येत." कौसल्येने मान हलवली आणि ओठ पुटपुटले. तिथल्या तिथे रिपोर्ट वर पाठवला असणार. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. आवाज गेला तर मला हिच्या तोंडून एकदा अरे ऐकायचं कायमचं राहून जाईल. म्हातारपणी काय हे खूळ, म्हणाल तुम्ही. म्हणा.

तर त्या दिवशी ऑपरेशनसाठी भरती व्हायला निघालो, टॅक्सीत बसलो. लालबागच्या पुलाखाली गाडी अडकली तेव्हा मी धीर केला.

"एक विचारू? मला कधी अरे म्हणावंसं वाटलं नाही तुला?"

"काहीतरीच काय! ड्रायव्हर ऐकतोय."

"ऐकू दे. बोल."

"तुम्ही मोठे."

"आणि तो लहान?"

"तो मोठाही नाही नि लहानही नाही. तो जवळचा."

"आणि मी काय लांबचा?"

आई-बाप लहानपणीच गेलेली ही पोर, नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. एरवी त्या दिवसांबद्दल बोलायची नाही. "बोर्डिंगात सगळ्यांनाच अहो," ती म्हणाली. "बाईंना अहो, आक्कांना अहो, स्वयंपाकीणबाईंना अहो. आणि मुलींना नुसती आडनावं. चादर डोक्यावरून घेतली की एकालाच अरे म्हणता यायचं. ते तसंच राहिलं. आणि तुम्हाला अरे म्हटलं, तर तुम्ही ओ द्याल का?"

"म्हणून तर बघ."

तिने पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं. "अ..." म्हणाली आणि खुदकन हसली. "जीभच वळत नाही हो!"

"आणि तो देतो वाटतं ओ?"

"देतो ना. तुम्हाला ऐकू येत नाही."

पुढे सगळा रस्ता मी तोंड फिरवून बसलो. ऑपरेशनला निघालेल्या बायकोशी असं वागू नये, कळत होतं. पण वळत नव्हतं.

वॉर्डात पलंग मिळाला. शेजारच्या पलंगावर लालबागची एक मालवणी म्हातारी होती. संध्याकाळभर हिची कुजबुज ऐकून शेवटी तिला राहवलं नाही.

"कोणाक हाक मारतस गो बाय? झीलाक?"

"मुलगा नाही हो मला," कौसल्या म्हणाली. "माझा आहे एक, त्याच्याशी बोलतेय."

म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मीच. मी सफरचंद कापत होतो, ते कापत राहिलो. फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं.

सकाळी तिला आत नेलं. दार बंद होण्याआधी तिने मान वळवली आणि म्हणाली, "अहो, बोंबील फ्रिजमध्ये आहेत." तेवढंच.

अनुजा पहाटेच आली होती, ती चहा आणायला गेली. बाकावर बसून मी डोळे मिटले. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं..." इथवर आलो आणि पुढचा शब्दच येईना. उभ्या जन्माची पाठ प्रार्थना, पण गंजलेल्या नटासारखी जागची हलेना. मी बसून राहिलो. दाराकडे बघत राहिलो. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे."

शेजारच्या माणसाने वळून बघितलं. बघू दे.

"अरे, ऐक. तुला अरे म्हणायला सगळं जग आहे. मला अहो म्हणणारी ही एकच आहे. तिचा आवाज माझ्यापेक्षा तूच जास्त ऐकलास. मला न सांगितलेलं तुला सांगितलं तिने. मला तुझा हेवा वाटतो. तू देव असशील, तरी वाटतो. मी चावी घेऊन येतो, थैली फिरवतो, म्हणजे आपलं दोघांचं बरं चाललंय असं तुला वाटत असेल. बरं नाही चाललेलं. मी तुझ्याशी कधी बोललोच नाही. मला येत नाही. तिला येतं. तिचा आवाज नेऊ नकोस रे. मला अहो पुरे."

आमेन म्हणायचं राहून गेलं. मध्ये न बोलता कोणीतरी सगळं ऐकून घेतल्यासारखं वाटलं. कौसल्येला रोज हेच मिळत असणार. मग मला नव्याने राग आला, की हे एवढंच होतं आणि हिने मला कधी बोलावलं नाही. आणि रागाच्या भरातच तो लसूण आठवला, पाटाकडे केलेलं बोट आठवलं. बसा ना जरा इथे. त्यानंतरही कितीदा म्हणाली असेल. मला दर वेळी चर्चचं काम असायचं.

तिला बाहेर आणलं तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती आणि चेहरा पार उतरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ नीट निघाली, आवाजाचं मात्र काही दिवस थांबून बघू. सिस्टरने बजावलं, "आज बोलायला लावू नका."

अनुजा एका बाजूला, मी एका बाजूला. कौसल्येचे डोळे मिटलेलेच होते. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ.

अहो म्हणताना ओठ शेवटी गोल होतात. जन्मभर बघत आलोय, मी चुकायचा नाही. ते गोल झाले नाहीत. पुन्हा हलले, पुन्हा तसेच. अरे.

"आई प्रार्थना करतेय, पप्पा," अनुजा हळूच म्हणाली.

असेल. मी पलंगाच्या पलीकडे, रिकाम्या स्टुलाकडे एकदा बघून घेतलं. हाक कुणाला होती ते मला कळलं नाही, आणि त्यावरून त्याच्याशी भांडावंसंही वाटलं नाही. मी तिचा हात हातात घेतला, तिच्या कानाशी वाकलो आणि ओ दिली.