आर्डिथने स्टिअरिंग सोडलं तो दिवस

मर्ल केन माणूस वाईट नव्हता, पण त्याचं तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाव नाही. रविवारी चर्चच्या दारात त्याने चार शेजारी गाठले आणि सांगायला लागला, "आम्ही अकरा वर्षांत इतके टोर्नेडो पाहिलेत की मोजायचं सोडून दिलं." बायको, आर्डिथ, शेजारीच उभी होती. घरी गाडीतून उतरताना ती म्हणाली,

"आम्ही म्हणजे कोण रे?"

"कोण म्हणजे? आपण दोघं."

"टोर्नेडो तू पाहिलेस. मी रस्ता पाहिला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वादळांच्या मागे हिंडणाऱ्यांचा एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला कॅन्ससात कुणी दुसऱ्यांदा गाडीत घेत नाही. टोर्नेडो दिसला की गाडीचं तोंड पळायच्या रस्त्याकडे, इंजिन चालू आणि चालवणाऱ्याचे डोळे समोर. पाहायचं ते बाजूच्या सीटवरच्याने. मर्लला आभाळाचं वेड आणि आर्डिथचा हात गाडीवर पक्का, त्यामुळे वाटणी आपसूक झाली होती. मोठ्या हौसेने वादळापर्यंत न्यायचं आणि तिथे पोचल्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायचं, असला हा बाईचा संसार.

"उद्या तू चालव," ती म्हणाली. "मला एकदा डोळे भरून पाहायचाय."

मर्लने डोकं खाजवलं. "बरं. पण एकच दिवस हं."

दहा दिवस वणवण करावी तेव्हा कुठे एखादा टोर्नेडो दिसतो, आणि वादळांचा महिना, मे, तर संपत आला होता. हे सगळं आर्डिथला ठाऊक होतं. तरी ती लगेच हो म्हणाली, कारण मर्लच्या हातून तेवढं सुटलं हेच नवल होतं.

सोमवारी दुपारी नेस सिटीच्या पेट्रोलपंपावर वादळांमागे हिंडणाऱ्यांची ही गर्दी. सगळ्यांच्या फोनवरच्या रडारमध्ये कामाचे दोनच ढग दिसत होते. उत्तरेला ढगांच्या दाटीत एक भलाथोरला, आणि खाली दक्षिणेला एक बारकं पिल्लू. एकेक करत सगळ्या गाड्या उत्तरेला धावल्या.

"दक्षिणेचा," आर्डिथ म्हणाली.

"तो? अगं, त्याला अजून दात तरी आलेत का?"

"उत्तरेच्याला शेजारी फार झालेत. एकमेकांची गरम हवा पळवताहेत. हा एकटा आहे, याच्या ताटातलं कोण ओढणार? आणि ढग बाजूच्याने निवडायचा, हा नियम तुझाच ना?"

मर्लने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पेल्यात थुंकली आणि मुकाट्याने गाडी दक्षिणेला वळवली. अकरा वर्षं आपली बडबड कुणीतरी ऐकत होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पिल्लू संध्याकाळपर्यंत चांगलं बाळसं धरून बसलं. दोघांनी त्याच्या पुढ्यात, डांबरी रस्त्यावर, दक्षिणेकडे तोंड करून गाडी लावली. अंगावरून गरम वारा ढगाकडे ओढला जात होता. ढगाचा तळ एका जागी खाली लोंबला आणि हळूहळू फिरू लागला. आर्डिथने हवामान कार्यालयाला फोन करून जागा सांगितली, दार उघडलं आणि ती खाली उतरून गाडीला टेकून उभी राहिली.

"मर्ल," ती म्हणाली, "आला रे."

मर्लच्या मानेला नुसती खाज सुटली. पण त्याने डोळे रस्त्यावर ठेवले. "कसाय?"

आर्डिथने आधी तो पायापासून शेंड्यापर्यंत पाहून घेतला. मग ती म्हणाली, "किती सावकाश फिरतोय. मला वाटायचं गरागरा फिरत असेल. आणि खालची माती कशी वर चढतेय... देवा रे, किती देखणा आहे."

"चाललाय कुठे?"

"कुठेच नाही. त्या विजेच्या खांबामागे उभाय. नुसता जाड होतोय."

मर्लने गाडी गिअरमध्ये टाकली. टोर्नेडो डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही, नुसता जाड होतो, तेव्हा तो तुमच्याकडेच येत असतो. नवखा इथेच फसतो. हे आर्डिथने स्वतः कितीजणांना शिकवलं होतं, पण तिला नवखी व्हायची संधी आजच मिळाली होती.

"आत ये."

"थांब ना जरा."

"अगं बये, तो तुझ्याकडेच येतोय. बस आत."

तिने खांबाकडे एकदा पाहिलं, आणि बसली. मर्लने गाडी अशी हाणली की पेला लवंडून टरफलं त्याच्या मांडीवर सांडली. आर्डिथ सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून पाहत राहिली. ते जिथे उभे होते तिथूनच टोर्नेडोने रस्ता ओलांडला, कुंपणाच्या तारा उपटल्या, मोकळ्या कुरणात शिरला, दोरीसारखा बारीक झाला आणि विरून गेला. मर्लने एकदाही मान वळवली नाही.

पुढे टेकाडावर त्याने गाडी थांबवली. आर्डिथचे गाल ओले होते आणि ती हसत होती.

"पाहिला मी, मर्ल. सगळा पाहिला. पण तुझा हुकला."

"आरशात दिसला," मर्ल म्हणाला. "बोटाएवढा." मग थोडं थांबून, "तुला एवढाच दिसायचा?"

"एवढाच. आणि त्यातही मधे तुझं डोकं."

मर्ल उतरला आणि गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला. दिवस संपला, आता स्टिअरिंग आपल्याकडे, असं समजून आर्डिथने पट्टा सोडला. मर्लने शर्टाचं टोक बाहेर ओढलं, तिच्या काचेवर उडालेला चिखल कोपऱ्यांपर्यंत नीट पुसला, आणि परत जाऊन स्टिअरिंगमागे बसला.

"उत्तरेचा अजून जिवंत आहे," तो म्हणाला. "बोल, कुठे घेऊ?"