टाकू का, नाईक?

काही माणसं दार ढकलायच्या आधी विचारतात, ढकलू का? अशा माणसांची मला भयंकर चीड येते. २००४ सालच्या मे महिन्यात अशी दोन माणसं आमच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेच्या ओसरीत रोज दुपारी माझ्यासमोर बसायची आणि रोज माझं डोकं फिरवायची.

एक देविदास, माझा लहानपणापासूनचा दोस्त. दुसरी त्याची धाकटी बहीण मिना, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. मी औरंगाबादला पॉलिटेक्निकला होतो. तिथं होस्टेलवर एका पोरानं मला एक खेळ शिकवला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, तरच फासा टाकायचा. नियमांच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा एक निळा फासा घेऊन मी सुट्टीला साखऱ्याकडच्या आमच्या तांड्यावर आलो होतो.

गोष्ट मी आमचीच केली. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरणारे आमचे जुने लोक. देविदास त्यांचा राखणदार, मिना वाट काढणारी. कुलूप उघडणं, माग काढणं, समोरच्याला पटवणं अशा प्रत्येकाच्या अंगातल्या कसबाला आम्ही हुन्नर म्हणायचो आणि कुणाचा कोणता हुन्नर किती पक्का, ते वहीत लिहून ठेवायचो. राहता राहिला गोष्ट सांगणारा. त्याच्यासाठी पुस्तकात जो इंग्रजी शब्द होता तो देविदासच्या जिभेवर बसेना.

"ज्याचं समद्यांनी ऐकायचं तो नाईक," तो म्हणाला. "तू नाईक."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिथंच मी माती खाल्ली. तांड्यात नाईकासमोर कसं बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. नाईक, बोलू का. नाईक, सोयरीक बघू का. आधी विचारायचं, मान हलली तर पुढं. मला नाईक केलं आणि ही दोघं खेळातही तशीच वागायला लागली. नाईक, मागाचा फासा टाकू का? नाईक, पटवण्याचा टाकू का? अरे, कुणाला पटवताय, काय बोलून पटवताय, कशासाठी पटवताय? काही नाही. नुसतं टाकू का.

एके दिवशी मी सांगितलं, "रात झाली. पाठीवर लुटारू येऊन राहिले. समोर किल्ल्याचं मागचं दार आहे."

"नाईक, कुलपाच्या हुन्नराचा फासा टाकू का?" मिनानं विचारलं.

"टाक," मी वैतागून म्हणालो.

तीनच पडले, म्हणजे जमलं नाही. दार काही उघडत नाही असं ठरवून दोघं किल्ल्याला वळसा घालून निघाले, खंदकात उतरले, सगळं मीठ पाण्यात घालवलं, दोन बैल बुडवले. तासभर हा घोळ चालला. शेवटी मला राहवलं नाही.

"दाराला कुलूप व्हतं का?"

"व्हतं ना. तूच टाक म्हणला," मिना म्हणाली.

"मी दार म्हणलो. कुलूप कवा म्हणलो? ते नुसतं लोटलेलं व्हतं. ढकललं असतं तर उघडलं असतं."

"मग फासा काहून टाकू दिला?"

तिचं बरोबर होतं, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती झेरॉक्स उचलून अंगणात भिरकावली. पानं सुटी झाली आणि वाऱ्यानं हापशापर्यंत गेली. देविदास हसायला लागला. मिना उठली, तिनं एकेक पान गोळा करून आणलं, नंबरानं लावलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मग काय म्हणायचं ते सांग," ती म्हणाली.

"म्हणायचं, मी दार ढकलते. म्हणायचं, मी पहारेकऱ्याला सांगते की आमचं मीठ भिजून राहिलं, आमाला आत घ्या. तू काय करून राहिली अन् कशासाठी, तेवढं सांग. फासा लागतो की न्हाई ते मी बघीन. तू 'टाकू का' म्हणली की मला 'न्हाई' म्हणून मोकळं होता येतं. तू 'करते' म्हणली की मला पुढं काय झालं ते सांगावंच लागतं."

"पण नाईकाला न इचारता..." देविदास म्हणाला.

"मला नाईक म्हणू नका."

"बरं, नाईक."

मिना मात्र हसली नाही. त्या दिवसानंतर तिनं एकदाही 'टाकू का' म्हटलं नाही. देविदास शेवटपर्यंत म्हणत राहिला आणि मी त्याच्यावर ओरडत राहिलो.

जूनमध्ये निकाल लागला. मिना चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याच आठवड्यात आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यावरून तिला स्थळ आलं. मुलगा चांगला होता म्हणे. या 'म्हणे'चाही मला राग येतो. तिच्या बापानं, नेमसिंगकाकांनी, आयुष्यात एकही गोष्ट नाईकाच्या शब्दाबाहेर केली नव्हती. त्यांनी ही गोष्टही तांड्याच्या बाबूसिंग नाईकांपुढं ठेवली. शनिवारी सकाळी बैठक ठरली.

शुक्रवारी मिना मला हापशावर भेटली. "बैठकीत बाया बोलत न्हाईत," ती म्हणाली. "तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील. तू बोलशील ना?"

"बोलतो. बघच तू," मी म्हणालो, आणि रात्रभर काय काय बोलायचं ते मनाशी घोळवलं. नंबर लागायला किती कष्ट पडतात, वर्ष वाया गेलं तर परत नंबर लागेलच असं नाही, तांड्यात एकही नर्स नाही आणि बाळंतिणीला बैलगाडीतून न्यावं लागतं. सगळं पाठ केलं.

बैठक लिंबाखाली बसली. बोलणं आमच्या गोरमाटीत झालं, मी मराठीत सांगतो. बाबूसिंग नाईक बाजेवर, पुरुष खाली सतरंजीवर, बाया घराच्या दारात पदर ओढून उभ्या. नेमसिंगकाकांनी स्थळाचं सांगितलं, मग खाली मान घालून नांदेडच्या प्रवेशाच्या कागदाचं सांगितलं. नाईकांनी ऐकून घेतलं.

"पोरगी शिकली तेवढं लई झालं," ते म्हणाले. "बुधवारी पाहुण्यांना बोलवा."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले ते असे: "नाईक, मी बोलू का जरा?"

नाईकांनी माझ्याकडं बघितलं. कपाळावर आठी नाही, आवाज चढलेला नाही.

"न्हाई. बस," ते म्हणाले.

आणि मी बसलो. पाठ केलेलं सगळं गिळून गपकन बसलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. नाईकांचा राग येईना, कारण त्यांनी काही वावगं केलं नव्हतं. राग येत होता तो माझा मलाच. लोक उठायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात दारातून मिनाचा आवाज आला.

"मी सोमवारी पहिल्या गाडीनं नांदेडला जाते. कागद जमवले, पेटी भरली."

सगळ्या माना वळल्या. तिच्या आईनं तिचा दंड धरला. मिनानं तो सोडवून घेतला आणि ती एक पाऊल पुढं आली.

"कोणाला इचारून?" नाईक म्हणाले.

"इचारलं न्हाई. सांगून राहिले. तीन वर्सं शिकते. सोयरिकीचं त्याच्यानंतर बोला."

नेमसिंगकाका नाईकांच्या तोंडाकडं बघत होते. तिनं काही मागितलंच नव्हतं, तर नाईक नाही तरी कशाला म्हणणार? शेवटी त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"राहशील कुठं?" त्यांनी विचारलं.

"होस्टेलात. बायांचं होस्टेल आहे."

"तिथं बाई असती का ध्यान ठेवायला?"

"असती."

मग जेवणाचं निघालं, सुट्टीचं निघालं, आजारी पडली तर काय ते निघालं. बुधवारचं नाव कुणी काढलं नाही. नेमसिंगकाका मध्येच उठून शेताकडं गेले आणि पुढचे दोन दिवस लेकीशी एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी पहाटे देविदास आणि मी पेटी घेऊन साखरा फाट्यावर आलो. काका आले नाहीत. देविदास चहा सांगायला टपरीवर गेला आणि मिना आणि मी पेटीशी उभे राहिलो. ती खूश असेल असं मला वाटलं होतं. ती संतापलेली होती.

"तुला नाईक रागानं बी बोलले न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाई."

"तू इचारलं. त्यांनी न्हाई म्हणलं. अन् तू बसला."

मी गाडी येते का ते बघायला रस्त्याकडं वळलो.

"मी तुझ्या भरवशावर होते, प्रेमदास. मी बी तुझ्यासारखी गप राहिले असते तर?"

तर दोन दिवसांनी पाहुणे आले असते. हे तिला सांगायची गरज नव्हती. गाडी आली, तिनं मला पेटीला हात लावू दिला नाही.