मागच्या पायरीवरच्या दोन थापा

आक्का एका हँडलमध्ये सुरू झाली आणि सारथ्याला इतका आनंद झाला, की त्याने बॉनेटचा मुका घेतला. बॉनेट तापलं होतं. ओठ चटकला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

आक्का म्हणजे अग्निशमन केंद्रातला सगळ्यात जुना बंब. डोक्यावर छप्पर नाही, पुढे पितळी घंटा, मागे जवानांना उभं राहायला लाकडी पायरी आणि धरायला पितळी दांडा. गेली वीस वर्षं ती मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती. मांजरींच्या चार पिढ्या तिच्या सीटवर जन्मल्या. मग केंद्रात नव्या मॅडम आल्या, तरुण आणि हट्टी. त्यांनी तिचं इंजिन उघडलं, पंप दुरुस्त केला, लाल रंग चढवला आणि आज केंद्राच्या वर्धापनदिनाला तिला नवरीसारखी मैदानात आणून उभी केली.

आणि चालवायला बोलावलं सारथ्याला! पंचवीस वर्षं आक्का त्यानेच चालवली होती. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं, ते त्याच्याबरोबर निवृत्त झालं. आज बहात्तराव्या वर्षी त्याने जुना गणवेश चढवला होता. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती, तिथे बायकोने सेफ्टी पिना लावून दिल्या होत्या. एकूण काय, स्वारी हवेत होती.

"अहो, जरा इकडे या."

बायको आक्काच्या शेजारच्या फलकापुढे उभी होती. स्वारी जमिनीवर आली.

फलक नवा होता, अक्षर सुरेख होतं. 'गादी कारखान्याची भीषण आग याच बंबाने विझवली. केंद्रप्रमुख, दोन जवान आणि चालक अशा चौघांनी प्राणांची बाजी लावून...' पुढचं बायकोने वाचलंच नाही.

"चौघं?" ती म्हणाली. "मी मोजले तेव्हा एकच होता."

"हळू बोल गं. साहेब तिथेच उभे आहेत."

"एक्केचाळीस वर्षं हळूच बोलतेय."

बायकोचा शब्द न् शब्द खरा होता.

त्याचं असं झालं होतं. आक्काला आरसा एकच, आणि तोही असा थरथरायचा की त्यात चालकाला स्वतःच्या कानाखेरीज काही दिसत नसे. म्हणून केंद्रात एक रीत पडली होती. साहेब, म्हणजे तेव्हाचे केंद्रप्रमुख, आणि जवान मागच्या पायरीवर चढायचे, शेवटी चढणारा पत्र्यावर दोन थापा मारायचा, थाड थाड, आणि चालक मागे न बघता गाडी सोडायचा. मागे बघण्यात जाणारा एक क्षणही आगीला द्यायचा नाही, असं साहेबच शिकवायचे.

त्या दिवशी दुपारी गादी कारखान्यातून फोन आला. सारथी उडी मारून बसला, इंजिन सुरू केलं. मागून थाड थाड झालं. त्याने आक्का सोडली ती घंटा बडवत, चौक ओलांडत, थेट कारखान्याच्या दारात. दारात गादीवाल्याची मुलगी उभी होती. चोवीस वर्षांची, तोंड काजळीने काळं, हातात रिकामी बादली. तिने आक्काकडे पाहिलं, मग आक्काच्या मागे पाहिलं.

"बाकीचे कुठेत?"

सारथ्याने आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. पायरी रिकामी. मागच्या पत्र्याच्या कपाटाची कडी निसटली होती आणि दार वाऱ्यावर हलत होतं. थाड. थाड.

"येतायत," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"केव्हा?"

आत कापसाचे ढीग धुमसत होते. पंपावर एक माणूस हवाच, दाब सांभाळायला. आणि नळी धरायला दुसरा. सारथ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीने बादली फेकली, बाह्या वर सारल्या आणि म्हणाली, "काय धरायचं ते सांगा."

पहिल्या फवाऱ्याने तिला चिखलात बसवलं. ती उठली, पाय फाकवले, नळी काखेत दाबली आणि ओरडली, "ओ गाडीवाले, दाब वाढवा!" पाऊण तासात आग विझली. सारथी त्याच्या कितीतरी आधी प्रेमात पडला होता.

बाकीचे आले ते बर्फवाल्याच्या गाडीतून. साहेब हेल्मेट शोधत राहिले होते, पिंप नावाच्या गोल जवानाला एकच बूट सापडला होता, आणि शिडी नावाचा लांब जवान तर अंगाला साबण लावून न्हाणीघरात होता. बर्फाच्या लाद्यांवर बसून तिघं आगीवर पोचले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. विझलेल्या कारखान्यापुढे शिडीच्या कानामागे अजून फेस होता.

साहेबांनी सारथ्याला बाजूला घेतलं. "हे बाहेर कळलं तर तुझी नोकरी गेली." स्वतःचीही जाईल, हे ते बोलले नाहीत. मुलीने ते ऐकलं, सारथ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी काही पाहिलं नाही." अहवालात चौघं लिहिले गेले. साहेबांना पदक मिळालं. आणि सारथी चार महिन्यांनी गादीवाल्याकडे मुलीला मागणी घालायला गेला, तेव्हा तिने एकच अट घातली. "निवृत्त झालात की खरं सांगायचं. चारचौघांत."

"शब्द दिला," सारथी म्हणाला होता.

तो निवृत्त झाल्याला चौदा वर्षं झाली. आधी साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. मग साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मग, साहेब आत्ता कुठे जरा हसायला लागलेत, कशाला उगाच, असं म्हणण्यात तीन-चार वर्षं निघाली. बायको दर वेळी "बरं" म्हणायची. हे "बरं" वर्षागणिक लहान होत चाललं होतं. त्यामुळे आज, फलकापुढे, ते "बरं" यायच्या आत सारथ्यानेच तोंड उघडलं.

"आज सांगतो," तो म्हणाला. "माइकवरून. आईशप्पथ."

"बरं."

दहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं. मॅडमनी जुन्या मंडळींना आठवणी सांगायला बोलावलं. पहिला मान सारथ्याचा. तो उठला, माइक धरला, पहिल्या रांगेतल्या बायकोकडे पाहिलं, शेजारच्या रांगेतल्या साहेबांच्या छातीवरच्या पदकाकडे पाहिलं, आणि क्लचविषयी बोलू लागला. सात मिनिटं बोलला. आक्काचा क्लच घट्ट का, थंडीत कसा, गरमीत कसा, डाव्या गुडघ्यावर त्याचे परिणाम काय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. सारथ्याला स्वतःचा इतका राग आला की जागेवर बसताना एक सेफ्टी पिन उडाली.

मग साहेब उठले. साहेबांची गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. यंदा तिच्यात एक कोसळणारी तुळई आली होती. "धुरातून सरपटत आम्ही तिघं आत शिरलो," साहेब म्हणाले, "पिंप माझ्या डावीकडे, शिडी उजवीकडे." पिंप आणि शिडी बुटांकडे बघत बसले. त्या दिवशी पिंपाच्या पायात एकच बूट होता, तो बहुधा हाच.

सारथ्याने चोरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायकोची खुर्ची रिकामी होती.

गेली घरी, त्याला वाटलं. आता आपण कुठल्या तोंडाने जाणार?

तेवढ्यात मॅडमनी पुढचा कार्यक्रम पुकारला. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गवताची खोपटी बांधली होती. ती पेटवायची, आणि जुन्या चौघांनी आक्कावरून जाऊन विझवायची. खोपटी पेटली. लोक ओरडू लागले. सारथी जड मनाने चढून बसला, पण स्टिअरिंगवर हात ठेवले आणि हातांना काही जड वाटेना. इंजिन घुमू लागलं, घंटेची दोरी हातात आली. वय एकदम एकतीस झालं.

मागून थाड थाड झालं.

सारथ्याने आक्का सोडली. घंटा बडवत, मैदानाची माती उडवत, दोन्ही बाजूंची माणसं हसतायत, किंचाळतायत. किती हसतायत! आपल्यावर लोकांचं एवढं प्रेम आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. खोपटीपुढे त्याने करकचून ब्रेक लावला, पंप जोडला आणि ऐटीत मागे वळला.

पायरीवर बायको उभी होती. एकटी. एका हाताने पितळी दांडा धरलेला, दुसऱ्या हाताचा तळवा थापा मारून लाल झालेला, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की सारथ्याला काजळी माखलेलं तोंड आठवलं.

"बाकीचे कुठेत?" त्याने विचारलं.

"येतायत," ती म्हणाली.

खरंच येत होते. मैदानाच्या मधोमध साहेब पळत होते, पदक छातीवर उड्या मारत होतं. शिडी ढांगा टाकत त्यांच्या पुढे निघून गेला होता, आणि पिंप पळता पळता थांबून कुणाकडून तरी पाणी पीत होता.

खोपटी मात्र थांबायला तयार नव्हती. सारथ्याने पंपाचा खटका दाबला. बायकोने बाह्या वर सारल्या, नळी ओढली, पाय फाकवले, काखेत दाबली. या खेपेला ती चिखलात बसली नाही. पासष्टीची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी, पण पाण्याची धार अशी सरळ की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.

"ओ गाडीवाले, दाब वाढवा!"

सारथ्याने वाढवला. त्याला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वयात माणूस इतका सुखी होऊ शकतो याचीच त्याला मजा वाटत होती.

खोपटी विझली आणि साहेब पोचले. मॅडमनी बिचाऱ्यांच्या तोंडापुढे माइक धरला. "साहेब, तुम्हाला सोडून गाडी गेलीच कशी?"

साहेबांना धाप लागली होती. तुळई, धूर, सरपटणं, यातलं काही सांगायला छातीत वारा उरला नव्हता. एकच वाक्य निघालं.

"त्या दिवशीही... अशीच गेली होती."

आता मागे फिरणं नव्हतं. सारथी खाली उतरला आणि त्याने मॅडमच्या हातून माइक घेतला.

"कारखान्याची आग चौघांनी विझवली नाही," तो म्हणाला. "मी जवानांना विसरून गेलो होतो. मी पंपावर होतो. नळी हिने धरली होती. आग हिने विझवली आणि वर गप्प राहून माझी नोकरीही वाचवली. हे मी चौदा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. घाबरलो."

साहेबांनी एकदा पदकाकडे पाहिलं. मग त्यांनी सारथ्याच्या बायकोला कडक सलाम ठोकला. शिडीने ठोकला. पिंपाने तोंडातलं पाणी गिळून ठोकला. आणि मग जी शिट्टी उठली, टाळ्या उठल्या, त्यात आक्काची घंटा कुणी वाजवली ते कळलंच नाही.

"आधी पंप बंद करा," बायको म्हणाली. "पाणी वाया जातंय." पण नळी तिने आणखी थोडा वेळ सोडली नाही.

मॅडमनी फलक उतरवायला माणूस पाठवला. परत निघताना साहेबांनी पुढची, चालकाशेजारची मोकळी जागा बायकोला दिली आणि पिंप-शिडींबरोबर मागच्या पायरीवर चढले. सारथ्याने इंजिन सुरू केलं. मागून थाड थाड झालं.

सारथ्याने गाडी सोडली नाही. त्याने शेजारी पाहिलं.

"एक," तो म्हणाला.

मग मागे वळून बाकीचे मोजायला लागला.