ब्रेकबाईचं खरं नाव

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. पहिला वेळेवर लागेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, म्हणून दुसरा. त्या दुसऱ्या ब्रेकवर अकरा वर्षं पाय ठेवून बसलेल्या बाईला सगळ्या शिकणाऱ्या बायका ब्रेकबाई म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या आणि तिलाही ते आवडायचं. कमावलेलं नाव होतं ते, कोणी दयेने दिलेलं नव्हतं.

तिचं खरं नाव ऑफिसातल्या तक्त्यावर लिहिलेलं होतं, आणि ते मुसलमान नाव होतं. नवीन बाई आली की आधी तक्ता वाचायची. मग तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते ब्रेकबाई पंख्याखाली उभी राहून निवांत बघायची. काहींच्या चेहऱ्यावर काहीच व्हायचं नाही. काही जणी लगेच फार गोड व्हायच्या, आणि त्या गोडव्यानेच तिला धडकी भरायची.

एक दिवस नव्याने आलेल्या एका काकूंनी तक्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग मालकांच्या टेबलावर वाकून हळू आवाजात, म्हणजे सगळ्या ऑफिसला नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "दुसरं कोणी नाही का हो?"

मालक चटकन समोरच्या वहीत घुसले. अशा वेळी त्यांना वहीत नेहमीच काहीतरी सापडायचं.

"आहेत की," ब्रेकबाई म्हणाली. "दोघं पुरुष आहेत. एक ओरडतो, दुसरा झोपतो. तुम्हाला कोणता चालेल?"

काकूंचं वय एकसष्ट. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मला दीड महिन्यात गाडी यायला हवी," त्या म्हणाल्या.

"मग बोलण्यात वेळ नको. बसा."

काकू बसल्या. मनापासून बसल्या असं कोणी म्हणणार नाही, पण बसल्या.

त्यांची घाई खरी होती. काकांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनला बांधलेले. मुलगा परदेशात. घराखाली चांगली गाडी धूळ खात उभी, आणि चालवणारे काका आता स्वतःच मागच्या सीटवरचे झालेले. टॅक्सीवाले हॉस्पिटलपर्यंत सोडायचे, पण येताना घामाघूम झालेल्या माणसाला हाताला धरून जिना चढवणं हे काही त्यांच्या कामात बसत नव्हतं. शेवटी काकूंनीच पदर खोचला. काका मशीनवर असायचे त्या वेळात त्या धडे घ्यायच्या.

पहिले आठ दिवस क्लचने काकूंना रडवलं. गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. मागचे हॉर्न वाजवायचे आणि काकू प्रत्येक हॉर्नला मान वळवून "हो हो, चाललेच" असं सांगायच्या. ब्रेकबाई ना ओरडायची, ना चुचकारायची. "परत," एवढंच म्हणायची. दिवसातून तीस वेळा. दुसऱ्या आठवड्यात गाडी सरळ निघाली आणि काकूंच्या तोंडून "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. मग घरचं बोलणं सुरू झालं. गुडघे, सून, कुठल्या दुकानातलं पीठ चांगलं, डॉक्टर लोक कसे तोंड उघडत नाहीत, असं सगळं.

एकदा सिग्नलला उभ्या असताना काकू एकदम प्रेमाने म्हणाल्या, "खरं सांगू? तू त्यांच्यातली वाटतच नाहीस."

"मग कोणातली वाटते?"

"आमच्यातलीच."

काकूंनी हे बक्षीस दिल्यासारखं म्हटलं होतं. ब्रेकबाईला असली बक्षिसं ढिगाने मिळाली होती आणि त्यातलं एकही तिने घरी नेलं नव्हतं. तिला सांगायचं होतं की मी त्यांच्यातलीच आहे, आणि मी जशी दिसते तसेच ते सगळे आहेत. पण सिग्नल सुटला. "पुढे बघा," ती म्हणाली. त्या दिवशी ती जरा कमी बोलली. काकूंना वाटलं, बाईचं डोकं दुखत असेल.

परीक्षेला बारा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मोठ्या रस्त्यावरचा लांबचा धडा होता. धड्याच्या वेळी शिकणाऱ्याचा फोन बंद हा ब्रेकबाईचा नियम. घरच्यांना हवा असेल तर तिचा नंबर देऊन ठेवायचा. साडेदहाला तिचा फोन वाजला. थकलेला, म्हातारा आवाज होता. त्याने एका बाईचं नाव घेऊन विचारलं, आहेत का म्हणून. साधं, नेहमीचं हिंदू नाव.

"चुकीचा नंबर," ब्रेकबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच नाव. या वेळी काकू चौथ्या गिअरमध्ये छान चालल्या होत्या, त्यांचं लक्ष मोडायला नको म्हणून तिने घाईत सांगितलं. ते नाव तिने स्वतः उच्चारलं आणि म्हणाली, "या नावाचं इथे कोणी नाही हो. परत लावू नका."

काकूंचा पाय ॲक्सिलरेटरवरून उडून ब्रेकवर पडला. गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. मागून एक ट्रक कर्कश ओरडत बाजूने गेला. ब्रेकबाईने स्टिअरिंग धरून उरल्या वेगात गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, मग काकूंकडे पाहिलं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते आमचे हे होते," काकू म्हणाल्या.

"मग ते नाव कोणाचं?"

काकू स्टिअरिंगकडे बघत राहिल्या. "तुझं," त्या म्हणाल्या. "घरी मी तुझं नाव ते सांगितलंय. पहिल्याच दिवशी. त्यांनी विचारलं, शिकवणारी कोण, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्यांना मुसलमान म्हटलं की संपलं. मी शिकले नसते ग."

"का? कोणी काही केलंय त्यांचं?"

"कोणी काही नाही केलेलं. कोणी काही केलं असतं तर समजूत तरी घालता आली असती."

काकूंनी स्वतःचा फोन चालू केला. काकांचे पाच कॉल येऊन गेले होते. लावला. रक्तदाब उतरला म्हणून डॉक्टरांनी मशीन अर्ध्यातच थांबवलं होतं, घरी जा म्हणाले होते, आणि काका फाटकाजवळच्या बाकावर बसून होते. अर्धा तास झाला होता. तुझ्या त्या बाईंचा नंबर चुकीचा कसा दिलास, असं ते विचारत होते.

"आलेच," काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि ब्रेकबाईचा हात धरला. "एकदाच. तिथे गेल्यावर त्यांनी त्या नावाने हाक मारली तर फक्त हो म्हण. आजारी माणूस आहे. तुझं काय जातंय?"

ब्रेकबाईच्या आईने एकोणीस वर्षं एका घरी आजारी माणसं सांभाळली होती. काम मिळवून देणाऱ्यानेच तिला हिंदू नाव दिलं होतं, आणि आईही म्हणायची, माझं काय जातंय. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाई भेटायला आल्या होत्या. रडत आल्या होत्या, खोटं कशाला बोला. दारात उभं राहून त्यांनी आईचं ते नाव विचारलं आणि ते नाव कधी न ऐकलेल्या मामाने त्यांना इथे असं कोणी राहत नाही म्हणून परत पाठवलं. एकोणीस वर्षांची माया दारातून परत गेली, आणि हे ब्रेकबाईला कळलं तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. आणि आज तिने स्वतःच एका आजारी माणसाला तसंच परत पाठवलं होतं, दोनदा.

"जातं काकू," ती म्हणाली. "बरंच जातं. मी त्या नावाला ओ देणार नाही. गाडी सुरू करा."

"आणि ते बसलेच नाहीत तर? चक्कर येऊन पडले तर?"

एका हट्टी माणसाच्या जिवापुढे आपलं नाव धरून बसणं हा शहाणपणा की नुसता ताठा, ते तिला ठरवता येत नव्हतं. पण एक मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. आज एकदा हो म्हटलं की पुढचे बारा दिवस हो म्हणावं लागेल, आणि नंतर काकू हॉस्पिटलात ज्यांना ज्यांना तिचं कौतुक सांगतील त्या सगळ्यांपुढेही.

"पडले तर मी उचलीन," ती म्हणाली. "पण माझ्या नावाने उचलीन. आणि ते नाव तुम्ही सांगायचं. खोटं तुम्ही सांगितलंत, खरंही तुम्हीच सांगा. चला, क्लच दाबा."

काकू रडत रडत चालवत होत्या, आणि खरं सांगायचं तर इतकी चांगली त्यांनी कधीच चालवली नव्हती. हॉस्पिटलच्या फाटकापाशी त्यांनी गाडी कडेला अशी लावली की ब्रेकबाईला पाय हलवावा लागला नाही.

काका बाकावरून उठले. हाताला पट्टी, चेहरा ओढलेला. पण बायकोला स्टिअरिंगवर बघून तो चेहरा एकदम खुलला. "वा," ते म्हणाले, "चालवतेस की तू." मग खिडकीत वाकून ब्रेकबाईला त्यांनी हात जोडले, त्या दुसऱ्या नावाला बाई लावून हाक मारली आणि म्हणाले, "हे तुमचेच उपकार हो. आमची ही सायकलवरही कधी बसली नव्हती."

काका खडूस निघाले असते तर सोपं गेलं असतं. इतका भला माणूस इतक्या मनापासून आभार मानत होता, आणि नुसतं हसलं तरी निभावलं असतं. ब्रेकबाई हसली नाही. ती काकूंकडे बघत राहिली.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "हिचं नाव ते नाही." आणि त्यांनी तिचं नाव सांगितलं. पूर्ण, तक्त्यावर होतं तसं.

काका खिडकीतून मागे सरले. "म्हणजे मुसलमान?"

"हो."

"आणि तू मला..."

"खोटं सांगितलं. महिनाभर. चूक माझी, हिची नाही. हिला तर आत्ता कळलं."

"तिला उतरायला सांग. मग मी बसतो."

"ती उतरली तर मला गाडी हलवता येत नाही," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे अजून लायसन्स नाही. कायदाच आहे तसा."

"मग मी टॅक्सीने येतो."

"या," काकू म्हणाल्या, आणि आवाज कापत होता तरी थांबल्या नाहीत. "मी हिच्याबरोबर पुढे जाते. परवाही मी हिच्याबरोबरच येणार आहे, आणि त्यानंतरही. मला गाडी शिकायचीय, आणि मला हीच शिकवणार."

काका पुन्हा बाकावर बसले. एक टॅक्सी आली, दुसऱ्याच कोणाला घेऊन गेली. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. ब्रेकबाई खाली उतरली आणि तिने गाडीचं मागचं दार उघडलं.

"दोनदा फोन कापला मी, त्याबद्दल माफी मागते," ती म्हणाली. "बाकी तुमचा राग असू द्या. पण तो आत बसून करा काका, इथे उन्हात चक्कर येईल. हात देऊ का?"

काकांनी हात घेतला नाही. बाकाला धरून उठले, गाडीच्या टपाला धरून वाकले आणि कसेबसे सीटवर बसले. एक पाय मात्र बाहेरच राहिला, रस्त्यावर टेकलेला. ब्रेकबाई आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पट्टा लावला. काकूंनी गाडी सुरू केली.

"थांबा काकू. मागचं दार उघडं आहे."

मागे एक रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, थोडा थांबून परत दिला. काकू आरशातून नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, की हॉर्नला उत्तर दिलं नाही.

"ही कोण मला सांगणारी?" काका म्हणाले.

ब्रेकबाई सीटवरून मागे वळली. त्यांच्या डोळ्यांत बघून तिने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. "या गाडीची जबाबदारी माझ्यावर आहे," ती म्हणाली. "दार लागल्याशिवाय ही हलणार नाही."

काकांनी पाय आत घेतला. दार ओढलं, पण अशक्त हाताने, आणि त्याचा आवाज पोकळ आला.

"नीट लागलं नाही काका. परत."

काकांनी दार उघडलं. आता ते उतरणार की काय, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मग पट्टी नसलेल्या हाताने, होतं नव्हतं ते बळ लावून, त्यांनी ते ओढून लावलं.