किनारीचे लेखक

उभ्या आयुष्यात चैतरामजींकडून एकच पत्र अनुत्तरित राहिलं होतं, आणि नेमकं त्याच पत्रात त्यांना कुणीतरी लेखक म्हटलं होतं.

पत्र बंगळूरच्या एका कंपनीचं. त्यांची नात श्रुतिका बालाघाटात बसून त्या कंपनीसाठी संगणकावर साड्या रचायची. या साड्या नेसायच्या नसतात, फोटोवर चढवायच्या असतात. ‘‘धुवाची कटकट नाही,’’ एवढंच तिच्या आजीचं, तुळसाबाईंचं, त्यावर मत. तिच्या एका साडीची धानाच्या लोंब्यांची किनार दुसऱ्याच कुणी आपली म्हणून विकायला ठेवली. वाद मिटेपर्यंत कंपनीनं श्रुतिकाची साडी विक्रीतून उतरवली, आणि किनार मुळात आबाजींची असं श्रुतिकानं कळवल्यावर चैतरामजींच्या नावावर पत्र धाडलं: ‘या किनारीचे मूळ लेखक आपणच काय? महिनाभरात स्वाक्षरीसह कळवावे.’

लोंब्या काढल्या होत्या चैतरामजींनीच, शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला असताना, आलेखाच्या कागदावर. पण लेखक? जन्मभर त्यांनी लेखकांच्या पुस्तकांना कव्हरं घातली. आता त्यांच्या रांगेत जाऊन बसायचं? पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवून दिलं.

तीन दिवस उरले, तेव्हा ते श्रुतिकाच्या हाती लागलं.

‘‘आबाजी, ये क्या है? जवाब काहून नाही देला?’’

‘‘मी कुठचा लेखक, बाई? एक कविता नाही लिवली म्या.’’

तिनं कपाळाला हात लावला. ‘‘अरे, मशीन ने ऑथर का लेखक कर दिया! जिसने बनाया, वो.’’

‘‘लोंब त धानानं बनवली. म्या नुसती पाहून काढली.’’

‘‘हौ, मंग धानाचीच सही आणा!’’ तुळसाबाई आतून म्हणाल्या. ‘‘लोकायची पुस्तकं सांभाळली, नातीची एक किनार नाही सांभाळत?’’

चैतरामजींनी जुना कागद काढला. किनार सरळ धावत होती. कोपरा मात्र कोरा. तिथं लोंब्या वळवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. संगणकावर त्याच जागी लोंब्यांची पेंडी बांधलेली होती. आणि त्या दुसऱ्याच्या साडीवरही तीच पेंडी, तशीच.

‘‘हे पेंडी कोनाची?’’

‘‘मेरी. आपका कोना खाली था ना.’’

मग त्यांचा पेन अडखळला नाही. ‘लोंब्या मी पाहून काढल्या. कोपरा मला वळवता आला नाही, तो श्रुतिकानं वळवला. चोरणाऱ्यानं तोही उचलला आहे. सोबत माझा १९९१ चा कागद जोडतो, त्यात कोपरा रिकामा आहे. या किनारीचे लेखक दोन.’

पाकीट घेऊन ते स्वतः पोस्टात गेले. डिंक नीट चिकटला आहे ना, हे रांगेत दोनदा पाहिलं, आणि खिडकीतल्या बाईंनी तारखेचा शिक्का मारेपर्यंत तिथंच उभे राहिले.