दसऱ्याला हार घातलेलं पातेलं

मी एक जुनं जर्मनचं पातेलं आहे. बुडाला पोचे पडलेत, काठ चेपलाय. मित्रांनो, आमचा मळा नाशिकजवळ मखमलाबादला. पंधरा वर्षं मी शेवंती आणि झेंडूशिवाय काही पाहिलं नाही. कुसाबाई पहाटे फुलं तोडायची, माझ्यात भरून वर ओलं फडकं टाकायची आणि बाजारात न्यायची. गिऱ्हाइकं वाकून वास घ्यायची. मी चांगलंच शेफारलं होतं.

मग कुसाबाईला रक्ताचा कॅन्सर झाला. केमो सुरू झाली आणि तिचा नवरा मोतीराम याने मला तिच्या खाटेखाली सरकवलं. पहिल्याच दिवशी ती माझ्यात ओकली. हिरवट, चिकट, औषधाचा उग्र वास. शी! मला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी मोतीरामची आली. जन्मात स्वतःचं ताट न उचललेला हा माणूस मला घेऊन कसाबसा न्हाणीपर्यंत गेला आणि तिथे स्वतःच भडाभडा ओकला. तोही माझ्यातच!

पण दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा उचललं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हातमोजे चढवायचे, नाकाला फडकं बांधायचं आणि साबणाने घासायचं. दिवसातून सहा-सहा वेळा. त्याची थोरली भावजय मंगलाबाई एकदा पदर नाकाला लावून दारातूनच म्हणाली, "भाऊजी, किळस नाय येत का तुम्हाला?"

"येते ना वहिनी. लय येते. पन तिला काय हौस हाय का?"

त्या दिवसापासून मला त्याची शिसारी येईनाशी झाली. वास मात्र जाईना.

दसरा आला. कुसाबाईच्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या, कशाचाही संसर्ग झाला असता. खोलीत ताजी फुलं नकोत, माती नको, पाहुणे नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाहुण्यांना मोतीरामने अंगणातूनच परत पाठवलं. पण दसऱ्याला आमच्याकडे राबणाऱ्या प्रत्येक अवजाराची पूजा होते. त्याने कोयता पुजला, फवारणीचा पंप पुजला आणि मग मला पुढे ओढलं.

"औंदा सगळ्यात जास्त हेच राबलं," तो म्हणाला. मळ्यातल्या झेंडूचा ओला हार त्याने मला घातला आणि सवयीने नेऊन खाटेशी ठेवलं.

किती महिन्यांनी फुलं! मी हरखलं. कुसाबाईही हरखली. तिने हार हातात घेतला, नाकाशी धरला आणि परत मला घातला. पाकळ्यांतली माती तिच्या उशीवर पडली.

संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला.

दवाखान्याच्या वाटेवर मोतीरामने मला मांडीवर धरलं होतं. तेव्हा त्याला हार दिसला. त्याने तो ओरबाडून काढला. "एवढं बजावलं होतं, अन् मीच फुलं घातली!" तो रडत होता. ताप कशाने आला ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी आम्हा दोघांना स्वतःची जी किळस आली, ती ओकारीचीही कधी आली नव्हती.

अकरा दिवसांनी कुसाबाई घरी आली. खाटेवर टेकताच तिने माझ्याकडे बोट केलं. "अहो, आता त्याची पूजा नका करू. घासा नीट."

मित्रांनो, अजून तीन केमो बाकी आहेत. तुमच्या घरीही असं आजारी माणूस असेल. माझ्यासारख्या भांड्याची किळस आली तर खुशाल येऊ द्या, मलाही अजून येते. नाकाला फडकं बांधा, पण उचला. आणि माझ्यासाठी काही आणायचंच असेल तर फुलं नकोत, साबण आणा.